मागून आलेला होकार

त्या रविवारी चैत्रालीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो संध्याकाळी साडेपाच वाजता, आणि तोही एका अनोळखी माणसाच्या पाठीकडे बघून.

त्याआधी बोलायची वेळच आली नव्हती. सकाळी पुण्याला आईला फोन लावला तर नुसतीच रिंग, ती भिशीला गेलेली. घरमालकीण मिसेस टॅन मुलीकडे सेंगकांगला. आणि हॉकर सेंटरमधल्या नूडल्सवाल्या काकूंना तर हिने पहिल्या दिवशी बोटाने दाखवलेली ऑर्डर आता पाठच झाली होती. ही समोर उभी राहिली की त्या भुवई उडवायच्या, ही मान हलवायची, आणि वाडगा पुढे यायचा. शब्दाचं काम नाही! सिंगापूरला येऊन चार वर्षं झाली होती. क्वीन्सटाउनमधल्या अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत सगळं होतं. एसी होता, वायफाय होतं, खिडकीभर आभाळ होतं. फक्त संध्याकाळी दार उघडलं की "आलीस का?" म्हणणारं कोणी नव्हतं. एकटं वाटतं अशी तक्रार करायची म्हटली तरी ऐकायला कोणीतरी लागतंच की. त्यामुळे तीही राहून गेली होती.

म्हणून ती चालायला निघाली. जुन्या रेल्वेचे रूळ काढून तिथे आता झाडांमधून जाणारी लांबच लांब पायवाट केली आहे. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि पानांवरचं पाणी अजून टपटपत होतं. एका वळणावर, मोठ्या रेन ट्रीच्या खाली, तिला पत्र्याचं छोटंसं छप्पर दिसलं. त्याखाली सिमेंटचा, रंगवलेला देव बसला होता. गालभर मिशा, टक्क उघडे डोळे, हातात कोयता. शेजारी एका कानाचा टवका उडालेला पांढरा घोडा. आणि त्या देवासमोर बूट काढून, हात जोडून एक उंच तरुण उभा होता.

"बा देवा म्हाराजा... आज हय परमुलखात तुझ्या पायाकडे उभा ऱ्हवलंय... बोटीवरच्या सगळ्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

चैत्राली जागच्या जागी थांबली. मालवणी? इथे?

तो क्षणभर थांबला. गाऱ्हाणं घालताना असंच थांबायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. लहानपणी मे महिन्यात कुडाळजवळच्या गावी गेलं की राखणदाराच्या देवळापुढे गुरव गाऱ्हाणं घालायचा, आणि मागे उभी असलेली सगळी माणसं एका आवाजात त्याला होकार द्यायची. जो पोरगा सगळ्यांत मोठ्यांदा ओरडेल त्याला खोबऱ्याचा पहिला तुकडा. होकार आल्याशिवाय गुरव पुढचं वाक्य बोलायचा नाही.

इथे मागे कोणीच नव्हतं. फांदीवर दोन साळुंक्या होत्या, पण त्यांना यातलं काही कळत नव्हतं. तो आपला थांबायचा, वाट बघायचा आणि मग बिचारा स्वतःच पुढे जायचा. शेवटचं वाक्य तर तो इतकं हळू पुटपुटला की तिला ऐकूही आलं नाही. आणि परत थांबला...

"व्हय म्हाराजा!"

आपण बोललो हे चैत्रालीला बोलून झाल्यावर कळलं. तो गर्रकन वळला.

"तुम्ही... कोकणातल्या?"

"पुण्याची. म्हणजे, गाव कुडाळकडचं. पण आम्ही फक्त मे महिन्यात..."

"म्हणजे एक महिना कोकणातल्या. चालेल."

"सॉरी हं! मी मुद्दाम नाही... तोंडातून गेलं."

"गेलं ते गेलं. देवासमोर दिलेला होकार परत घेता येत नाही." तो हसू दाबत म्हणाला, "कशाला हो म्हणालात ते ऐकलंत तरी का?"

"नाही. शेवटचं तुम्ही हळू बोललात."

"अरे बापरे! म्हणजे न वाचताच सही केलीत."

"असं काय मागितलंत?"

"ते नाही सांगणार."

तेवढ्यात झाडामागून प्लास्टिकच्या खुर्चीची करकर ऐकू आली. तिथे पांढऱ्या बनियनमधले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. या देवळाची झाडलोट करणारे ते करुप्पय्या अंकल. "वा, फायनली गॉट आन्सर!" ते शेपटीला 'लाह' लावणाऱ्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "टू संडे धिस बॉय टॉक, टॉक, देन वेट. आय थॉट ही वेटिंग फॉर बस, लाह!"

चैत्राली खळखळून हसली, आणि स्वतःच्या हसण्याचा आवाज ऐकून तिलाच जरा नवल वाटलं.

त्याचं नाव निशिकांत. वेंगुर्ल्याचा. मालवाहू बोटीवर थर्ड इंजिनियर होता, आणि बोट इंजिनाच्या मोठ्या दुरुस्तीसाठी तुआसच्या यार्डात उभी होती.

"निशिकांत?" चैत्राली म्हणाली. "हे नाव तर माझ्या काकांच्या मित्राचं आहे. ते रिटायर झाले."

"आजोबांचं ठेवलंय. त्यांनी वापरून नीट ठेवलं होतं, टाकवलं नाही."

"आणि हा तमिळ देव! याला मालवणी कळते?"

"बघा ना त्याच्याकडे. मिशा, डोळे, कोयता. गावाच्या शिवेवर बसून राखण करणारा. आमचा राखणदार याहून वेगळा काय असतो? आमचा विडी ओढतो, हा चिरूट, एवढाच फरक." खरंच, देवाच्या पायाशी कोणीतरी चिरूट ठेवला होता. "आणि भाषेचं म्हणाल, तर इंजिनालाही मालवणी कळत नाही. मी शिव्या घातल्या की चालू होतंच."

करुप्पय्या अंकलनी मग आपला फोन काढून एक फोटो दाखवला. त्यांचे आजोबा रेल्वेत कामाला म्हणून इथे आले तेव्हा गावच्या देवापुढची मूठभर माती बरोबर घेऊन आले. ती पुरून हा देव बसवला. गाव तुतिकोरिनपासून तासाभरावर. फोटोत माळरानावर ताडाच्या झाडांएवढा उंच देव बसला होता, आणि त्याच्यासमोर वेड्यावाकड्या रांगेत मातीचे घोडे उभे होते. लहान, मोठे, काही पार झिजून गेलेले.

"हे घोडे नवस बोलताना वाहतात?" चैत्रालीने विचारलं.

"नो, नो!" अंकलनी जोरात मान हलवली. "आस्क टाइम, नो हॉर्स. गॉड गिव्ह ऑलरेडी, देन ओन्ली यू गिव्ह हॉर्स. ही नीड फॉर नाइट ड्यूटी, मा."

निशिकांत तो फोटो बराच वेळ बघत राहिला. "आमची बोट जाते तुतिकोरिनला," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी चैत्राली पाच वाजताच पोचली. अगदी सहज, चालता चालता! केस धुतले होते तेही सहजच.

मग ते ठरूनच गेलं. रविवार, रेन ट्री, गाऱ्हाणं. तो पुढे उभा राहायचा, ती एक पाऊल मागे. बोटीच्या कॅप्टनसाठी, वेंगुर्ल्याच्या आईच्या गुडघ्यांसाठी, फिलिपिनो कुकच्या होणाऱ्या बाळासाठी तो मागणं मागायचा, आणि ती प्रत्येकाला ठणठणीत होकार द्यायची. त्यानंतर अंकलच्या थर्मासमधला चहा. कधी पावसाची जोरदार सर आली की तिघंही त्या पत्र्याखाली देवाच्या पायाशी दाटीवाटीने बसायची. पत्र्यावर ताडताड पाऊस वाजायचा. निशिकांतचा उजवा खांदा छपराबाहेर भिजत असायचा आणि चैत्रालीचा डावा अगदी कोरडा.

"इकडे सरका ना," ती म्हणायची.

"नको. इंजिनरूममध्ये पंचेचाळीस डिग्री असतं. मला हे परवडतं."

"तुमच्या नखांतलं ते काळं कधी जातच नाही का?"

"जातं. रिटायर झाल्यावर. तुमच्या काकांच्या मित्राचं गेलं असेल बघा."

तिसऱ्या रविवारी दोघं एकमेकांना अरे-तुरे करायला लागली. कोणी सुरुवात केली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. आणि त्याच रविवारी, कपातला चहा गोल गोल फिरवत, त्याने तिला सांगितलं की त्याचं एकदा लग्न ठरलं होतं. मुलगी चांगली होती. त्याच्या बोटीवरच्या दोन फेऱ्या होईपर्यंत थांबली, मग म्हणाली, मला नाही जमत.

"तिचं बरोबरच होतं," तो म्हणाला. "सहा-सहा महिने भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायचं म्हणजे काय चेष्टा आहे? तेव्हापासून मी ठरवलंय... कोणाला 'थांब' म्हणायचं नाही. माझ्या तोंडात तो शब्दच बसत नाही."

पत्र्याच्या कडेवरून पडणाऱ्या धारेखाली चैत्रालीने उगाचच हात धरला.

खरं सांगायचं तर एव्हाना तिची पंचाईत झाली होती. रविवार बरा जायला लागला, तसे बाकीचे सहा दिवस सोसेनासे झाले. आधी खोली नुसती शांत होती. आता ती शांतता तिला खायला उठायची. ऑफिसात कोडमधल्या चुका शोधता शोधता ती मनातल्या मनात त्याच्याशी बोलायची, आणि त्याची उत्तरंही स्वतःच द्यायची. एकटेपणाची सवय झालेल्या माणसाची ती सवय मोडावी आणि मग त्याला पुन्हा एकटं सोडावं... यापेक्षा त्या रविवारी घरीच बसले असते तर बरं, असंही तिला वाटून गेलं. पण पुढच्या रविवारी ती पावणेपाचलाच तिथे होती.

"त्या पहिल्या दिवशी काय मागितलं होतंस? आता तरी सांग."

"मिळालं की सांगेन."

"आणि नाहीच मिळालं तर?"

"तर मग सांगून काय करू?" तो हसला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं.

सहावा रविवार शेवटचा होता. बोट बुधवारी निघणार होती. त्या दिवशी त्याने पांढरा शर्ट घातला होता आणि नखं घासून घासून लाल केली होती. तो देवासमोर उभा राहिला, पण त्याने बोटीचं नाव घेतलं नाही की आईच्या गुडघ्यांचं.

"बा देवा म्हाराजा... ही चैत्राली तुझ्या दाराशी उभी आसा. हिच्या मनात जा काय आसात ता पुरा कर. हिका कधी एकटी ठेव नको रे म्हाराजा!"

होकार द्यायला मागे कोणी उरलं नव्हतं, कारण ज्याच्यासाठी गाऱ्हाणं असतं त्याने नुसते हात जोडून उभं राहायचं. तो बाजूला झाला.

"आता तू माझं घाल."

हे तो म्हणणार, हे तिला शुक्रवारपासूनच वाटत होतं. तिने वाक्य पाठ करून ठेवलं होतं. *याला परत इथेच आण. माझ्याकडे आण.* एवढंच तर म्हणायचं होतं! तिने हात जोडले. देव टक्क डोळ्यांनी बघत होता, अंकलही बघत होते, आणि तो तिच्या मागे एक पाऊल उभा होता. आणि नेमकं तेव्हा तिला ते आठवलं... तो शब्द माझ्या तोंडात बसत नाही. ज्याला कोणी थांबायला नको आहे, त्याच्यासाठी आपण थांबतो म्हणून सांगायचं? तो अवघडला तर? नको तिथे दया दाखवली तर?

"बा देवा म्हाराजा," ती म्हणाली, "याचा प्रवास सुखरूप होऊ दे."

"व्हय म्हाराजा," रीत मोडून तो मागून हळूच म्हणाला. आणि थांबला. अजून काही येईल अशी वाट बघितल्यासारखा बराच वेळ थांबला. मग त्याने वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या.

क्वीन्सटाउन स्टेशनवर तुआसची गाडी दोन मिनिटांत आली. "बोट जुनी आहे," तो म्हणाला, "इंटरनेट बंदराला लागल्यावरच चालतं. मेसेज केलास तर... उशिरा बघेन. पण बघेन." दारं बंद झाली. काचेपलीकडे त्याने हात वर केला, तिनेही केला. गाडी गेली, आणि जिन्यावरून उतरताना चैत्रालीला स्वतःचा इतका राग आला की तिने पर्सचा पट्टा तुटेस्तोवर पिळला.

पुढचे दोन रविवार ती तिकडे फिरकलीच नाही. खोलीत पडून राहिली. आईला फोनवर "मजेत आहे" म्हणाली. मिसेस टॅनने संत्री आणून दिली ती फ्रीजमध्ये सुकली.

तिसऱ्या रविवारी मात्र ती उठली आणि चालत सुटली. करुप्पय्या अंकल घोड्याचा तुटका कान सिमेंटने लिंपत होते.

"टुडे नो सेलर?"

"नो सेलर, अंकल."

"यू ऑल्सो नो कम. ही सिट हिअर, लोनली," अंकल देवाकडे बोट दाखवून म्हणाले.

चैत्राली चपला काढून देवासमोर उभी राहिली. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तिने तो देवाच्या पायाशी, चिरुटाशेजारी ठेवला. आणि मग अर्ध्या पुणेरी, अर्ध्या मालवणीत, गुरवाने ऐकलं असतं तर कानावर हात ठेवले असते अशा भाषेत तिने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा... त्या दिवशी मी खोटं बोलले. प्रवास सुखरूप होऊ दे ते खरंच, पण मला तेवढंच म्हणायचं नव्हतं. मला हा माणूस आवडतो. खूप आवडतो. तो कोणाला थांब म्हणत नाही... नको म्हणू दे. मी त्याला विचारून थांबणार नाहीये. चार वर्षं मी कोणाचीच वाट न बघता काढली, देवा, आणि ते याहून कितीतरी वाईट होतं. सहा महिने तर सहा महिने! पण त्याला परत इथेच आण. माझ्याकडे आण रे म्हाराजा..."

ती थांबली. पानांवरून थेंब गळत होते. सवयीने ती होकाराची वाट बघत होती, आणि मागे कोणी नाही हे कळत असूनही तिला मान वळवून बघायचा धीर होत नव्हता.

"व्हय म्हाराजा, लाह!"

करुप्पय्या अंकल थापी हातात धरून उभे होते. सहा रविवार खुर्चीत बसून त्यांनी ते शिकून घेतलं होतं. चैत्राली हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. अंकलनी घाईघाईने थर्मासचं झाकण उघडलं.

तिने ते सगळं, अंकलच्या होकारासकट, त्याला पाठवून दिलं. मेसेजवर एक करडी खूण उमटली. एकच.

दुसऱ्या दिवशीही एकच. आठवडा गेला तरी एकच. मीटिंगमध्ये टेबलाखाली, लिफ्टमध्ये, दात घासताना ती ती खूण बघायची. समुद्र केवढा मोठा असतो हे तिला शाळेत शिकवलं होतं, पण समजलं ते आता. पहिल्याच रात्री तिला वाटलं होतं, परत घ्यावा का मेसेज? अजून वेळ आहे... नाही. देवासमोर बोललेलं परत घेता येत नाही, असं तोच म्हणाला होता.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, ऑफिसमधून येताना ती हॉकर सेंटरमध्ये रांगेत उभी होती. फोन वाजला. आधी फोटो आला.

माळरान. ताडाची झाडं. फोटोच्या कडेला कोणाचातरी अवाढव्य सिमेंटचा पाय, आणि त्या पायाशी, झिजलेल्या घोड्यांच्या रांगेच्या टोकाला, एक नवाकोरा, वीतभर उंचीचा मातीचा घोडा. त्याचा पांढरा रंग अजून ओला होता.

चैत्राली बघतच राहिली. मागताना घोडा वाहत नाहीत. मिळाल्यावरच वाहतात. खाली आवाजाचा मेसेज होता. तिने फोन कानाला लावला.

आधी नुसता वारा, मग बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा. मग तो.

"बा देवा म्हाराजा... दोन महिने होऊन गेले, तुझ्या सिंगापूरच्या धाकट्या भावाकडे मी एक मागणं घातलं होतं. बोटीवरून उतरलो की 'आलास?' म्हणणारं एक माणूस दे, एवढंच. आणि मागून लगेच होकार आला. न ऐकता दिलेला होता, म्हणून मी गप्प बसलो. आता तिने सगळं समजून दिलाय. म्हणून हा घोडा." आवाज जरा अडखळला. "चैत्राली, जूनच्या बारा तारखेला मी सिंगापूरला उतरतोय. तोपर्यंत... थांब. माझ्यासाठी थांब. बघ, म्हटलं! थांबशील का?"

एवढं बोलून तो थांबला. मेसेज संपला नव्हता. अजून बरेच सेकंद शिल्लक होते, आणि त्यात फक्त वारा होता. तिकडे तमिळ मुलखातल्या त्या माळावर, उघड्या डोळ्यांच्या देवासमोर उभा राहून, तो रीतीप्रमाणे होकाराची वाट बघत होता.

रांग पुढे सरकली होती. काकूंनी भुवई उडवली.

"व्हय म्हाराजा!" चैत्राली म्हणाली. चांगलं मोठ्यांदा, खोबऱ्याचा पहिला तुकडा मिळवणाऱ्या पोरासारखं.

काकूंच्या हातातला झारा तसाच राहिला. चार वर्षांत त्यांनी या मुलीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.